त्रेचाळिसावी खोली

सामन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं डबे ठोकून पाहायचं काम केलं. हातात एक बारीक लोखंडी काडी, समोरून पट्ट्यावर सरकणारे डबे आणि प्रत्येक झाकणावर एक टिचकी. चांगला डबा खणखणीत वाजतो, हवा शिरलेला बद्द. बद्द वाजला की पट्टा थांबवायचा, मग मुकादम कितीही डोळे वटारो. अनाकोर्टेस गावातला तो कारखाना बंद पडला तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते, आणि माझ्या भाचीनं मला बॉथेलच्या एका कंपनीत चिकटवून दिलं. ही कंपनी लहान मुलांसाठी कॉम्प्युटरचे खेळ बनवायची.

"मावशी, तिथं चुका काढायचे पगार देतात," ती म्हणाली. "आमच्या तर तू फुकटच काढतेस."

कंपनीचा एकच खेळ चालायचा, पण चालायचा मात्र धो धो. मिस थिंबल नावाची ऑक्टोपस गुप्तहेर. डोक्यावर टोपी म्हणून थिंबल, म्हणजे शिवताना बोटावर घालायचं पितळी टोपण, आणि दिमतीला बटन नावाचा एक भित्रा खेकडा. समुद्राच्या तळाशी कुणाचं काही हरवलं की ही बाई आठही हात पसरून शोधायला निघते. दर खेपेला तिचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मी कुठलीही केस अर्धी सोडत नाही!" तीन खेळ बाजारात येऊन गेले होते आणि मी सांगतेय तेव्हा, म्हणजे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, चौथा तयार होत आला होता. त्यात चांदमोती नावाचा मोती चोरीला जातो.

आमच्याकडे खेळातल्या प्रत्येक दृश्याला 'खोली' म्हणतात, मग ते भर समुद्रातलं असलं तरी. या खेळात बेचाळीस खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत क्लिक करायच्या जागा ठरलेल्या. शिंपल्यावर क्लिक केलं की तो शिंकतो, बाटलीवर केलं की आतला मासा झोपेतून उठून शिव्या घालतो, अर्थात मुलांसमोर घालता येतील तशाच. माझ्याकडे याद्या असायच्या. बारा नंबरच्या खोलीत, म्हणजे शेवाळाच्या रानात, तेवीस जागा. तेवीस क्लिक, तेवीस खुणा, पुढची खोली. मोती मात्र दर डावाला वेगळ्या ठिकाणी असायचा. चार जागा होत्या, त्यातली एक कॉम्प्युटर मनाशी निवडायचा, म्हणजे मुलाला खेळ पुन्हा खेळावासा वाटेल. आणि सगळ्यांत वरचा नियम असा, की मूल कुठंही अडकून पडता कामा नये. पुढचा रस्ता सापडत नाही म्हणून एखादं चार वर्षांचं पोर रडलं, तर तो माझा गुन्हा.

याशिवाय एक काम माझ्या गळ्यात आपसूक पडलं होतं. मुलं मिस थिंबलला पत्रं पाठवायची. खेळ आवडला वगैरे चार ओळी, आणि मग खरं काम: माझी मांजर हरवली आहे, शोधून दे. माझा पडलेला दात आईनं टाकून दिला, परत आण. आठवड्याला वीस-पंचवीस केसेस यायच्या. उत्तराचं पत्र एकच होतं, जांभळ्या शाईत छापलेलं. त्यावर मुलाचं नाव मी हातानं लिहायची आणि खाली रबरी शिक्का मारायची, ऑक्टोपसच्या हातावर असतात तशा आठ गोल वाटीच्या खुणांचा. मजकूर तीन वाक्यांचा होता. 'तुझी केस मी घेतली आहे. मी कुठलीही केस अर्धी सोडत नाही. जे हरवलं आहे ते तुझ्या दारात आणून ठेवीन.' पहिली दोन वाक्यं लेखकाची. तिसरं मी सुचवलेलं. पत्र फार तोकडं वाटत होतं, म्हणून.

मंगळवारी दुपारी माझा एकसष्टावा डाव चालू होता. मोती चारही जागी नव्हता.

असं होऊ शकतं. म्हणूनच तर मला ठेवलं होतं. मी सगळ्या खोल्या पुन्हा पाहत बाराव्या खोलीत आले. शेवाळाच्या रानाला डावीकडे वाट आहे, उजवीकडे नाही. उजवीकडे चित्र संपतं. तिथं माउस नेला आणि बाण बदलून एक वळलेला हात झाला. आमच्या खेळात ही खूण 'इकडे जाता येतं' अशी असते.

मी क्लिक केलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत शेवाळाचं रान आलं.

"हावी," मी ओरडले, "जरा इकडे ये."

हावी नाकाशिमा आमचा मुख्य प्रोग्रॅमर. तिशीतला, हुशार, आणि जेवणाच्या डब्यातला भात कळफलकावर सांडून मुंग्या लावणारा. खुर्चीची चाकं सरकवत तो तसाच आला.

"मॅरिट, शुक्रवारी डिस्क छापायला जायचीय. आता शिंपल्याला शिंक डाव्या नाकपुडीतून येते असलं काही सांगू नकोस."

"बाराव्या खोलीतून उजवीकडे वाट आहे."

"नाही."

"मी नुकतीच गेले."

"कुठं गेलीस? कुठं जायला जागाच नाही." त्यानं माउस घेतला, उजव्या कडेवर दहा वेळा फिरवला. बाण बाणच राहिला. त्यानं नवे आठ डाव टाकले, आठांतही काही नाही. मग त्यानं माझा कागद ओढला, खाली 'पुन्हा घडत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

आमच्या धंद्यातली ही सगळ्यांत लबाड ओळ. चूक तुम्हाला दिसली, पण प्रोग्रॅमरला दाखवता आली नाही, की ही ओळ लिहून कागद बंद करतात. कारखान्यात बद्द वाजलेला डबा कुणी 'पुन्हा वाजत नाही' म्हणून पट्ट्यावर परत ठेवला असता, तर मी त्याच डब्यातलं त्याला खायला लावलं असतं.

हावी गेल्यावर मी परत बसले. संध्याकाळपर्यंत तेवीस डाव. तेविसाव्यात तो हात पुन्हा आला.

या वेळी पडदा काळा राहिला नाही. हळूहळू हिरवट मळकं पाणी दिसायला लागलं, आणि त्यात लाकडी खांब. धक्क्याखाली असतात तसे दोन रांगांत उभे, शेवाळानं माखलेले. डाव्या रांगेतला सातवा खांब मोडून आडवा पडला होता. मिस थिंबल नव्हती, बटन नव्हता, गाणं बंद होतं. फक्त पाण्याचा आवाज, आणि तोही आमच्या साउंडवाल्याच्या बुडबुड्यांसारखा नाही. खालून वर ऐकावं तसा.

मी वाढदिवसांसाठी ठेवलेला पोलरॉइड कॅमेरा आणला आणि पडद्याचा फोटो काढला. फ्लॅशनंतर पाहते तर पडद्यावर शेवाळाचं रान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो मी लॉर्न पेटिटसमोर ठेवला. खेळातलं सगळं पाणी लॉर्न रंगवतो. सत्तरीला आलेला गृहस्थ, दोन चष्मे वापरतो आणि तिसरा शोधत असतो.

"हे तुझं आहे ना?" मी विचारलं.

त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"माझं नाही. मी सावली कायम डावीकडे टाकतो. आणि इतका मळका हिरवा मला जमणार नाही, मुलं घाबरतील." त्यानं फोटो उलटा ठेवला. "मॅरिट, मी पाणी मनानं रंगवतो. मला पोहता येत नाही. हे कुणीतरी तिथं बसून काढलंय."

"तिथं म्हणजे?"

"खाली," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला उठला.

हावीनं माझ्यादेखत खोल्यांची यादी उघडून दाखवली. बेचाळीसवर संपत होती. "त्रेचाळिसावी खोली असेल तर तिला फाइल लागेल, फाइलला जागा लागेल. डिस्कवर एवढीशीही जागा शिल्लक नाही. लॉर्न म्हातारा तुझी फिरकी घेतोय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तू सही केली नाहीस तर डिस्क जात नाही. सगळे तुझ्याकडे बघताहेत गं."

"बघू देत. मी पट्टा थांबवलाय," मी म्हणाले.

बुधवारी दुपारी ती खोली तिसऱ्यांदा उघडली. या वेळी ती मला नीट वापरता आली. एकूण एकच क्लिकची जागा होती, आडव्या पडलेल्या सातव्या खांबाखालचं बीळ. बिळाच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ढीग. मी क्लिक केलं. आतून एक हात बाहेर आला. मिस थिंबलचा हात जांभळा आणि गुबगुबीत असतो. हा विटकरी होता, लांब, आणि त्याच्यावरच्या वाट्या एकेक करून उघडत-मिटत होत्या. त्यानं बिळातून एक घंटा ओढून थोडी पुढे आणली, उजेडात धरली. तिच्यावर अक्षरं होती: पोर्ट हॅलम, १९११.

मग तो आवाज, मिस थिंबलचं बोलणाऱ्या आमच्या नटीचा, लाडिक, रोजचाच. "मी कुठलीही केस अर्धी सोडत नाही!"

पोर्ट हॅलम. हे नाव मी कुठल्याशा पाकिटावर वाचलं होतं.

पत्रांची खोकी सामानाच्या खोलीत होती, अकरा. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक पत्राला माझ्या उत्तराची प्रत टाचलेली. मांजरी, दात, सायकली. एका मुलीचं बोलणारं बाहुलं. कोल्बी डन नावाच्या मुलाचे आजोबा नोव्हेंबरात तळ्यावर मासे धरायला गेले होते आणि होडी एकटीच परत आली होती. 'ते अजून तळ्यातच आहेत असं आई म्हणते. त्यांना घरी पाठव.' खाली घराचं चित्र, पाच पायऱ्या, सगळ्यांत वरच्या पायरीवर तो स्वतः बसलेला. याही पत्राला माझं जांभळं उत्तर टाचलेलं होतं. ते मी कुठल्या तंद्रीत पाठवलं असेल? माझीच मला लाज वाटली. पत्र परत खोक्यात ठेवलं आणि पुढं गेले.

सातव्या खोक्यात मला हवं ते पत्र मिळालं. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

'प्रिय मिस थिंबल, आमच्या धक्क्यावरची, धुक्यात होड्यांसाठी वाजवतात ती घंटा चोरीला गेली. सगळे म्हणतात बाबांनी विकली, कारण धक्क्याची किल्ली त्यांच्याकडे असते. बाबांनी विकली नाही. मी विचारलं तर ते नाही म्हणाले आणि ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत, फक्त पडलेल्या दाताचे पैसे उशीखाली ठेवणाऱ्या परीबद्दल बोलले होते. आता त्यांना कुणी होडीवर घेत नाही. मोठ्या माणसांनी शोधायचं थांबवलं. तू थांबू नकोस. तुझी कार्लीन रस्क, वय सात.'

आणि माझं उत्तर. केस घेतली आहे. अर्धी सोडत नाही. दारात आणून ठेवीन.

एका माणसाची गावात छी थू होत होती, त्याची पोर एकटी त्याच्या बाजूनं उभी होती, आणि मी तिला शिक्का मारलेला कागद पाठवला होता. कुणी का दाखवलं, कसं दाखवलं, हे मला कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण काय करायचं ते स्वच्छ दिसत होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्या फ्रिजवर कायम असतं, कारखान्याची सवय. गुरुवारी दुपारी बारा चाळीसला वर्षातली सगळ्यांत मोठी ओहोटी होती.

गुरुवारी मी सुट्टी सांगितली, पिवळे रबरी बूट गाडीत टाकले, फेरीबोट पकडली आणि साडेअकराला पोर्ट हॅलममध्ये पोचले. कार्लीनच्या बाबांचं, डेल रस्कचं, घर पहिल्याच भेटलेल्या म्हाताऱ्यानं दाखवलं. दाखवताना थुंकला.

डेल अंगणात कालवांच्या जाळीच्या पिशव्या शिवत बसला होता. पंचेचाळिशीचा, खांदे पडलेला. मी घंटेचं नाव काढताच त्यानं सुई खाली ठेवली.

"बाई, तुम्ही पेपरवाल्या असाल तर वाट तिकडे आहे."

"मी कार्लीनच्या पत्राचं उत्तर द्यायला आलेय," मी म्हणाले. "दोन वर्षं उशीर झालाय."

दारातून एक मुलगी बाहेर आली. गुडघ्याला पट्टी, समोरचे दात नवे आणि मोठे. तिनं आधी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"तुम्ही मिस थिंबलकडून आलात?"

"तिच्या ऑफिसात काम करते."

"मी म्हणालेच होते, बाबा! उशीर होणारच. तिला पाय कुठं आहेत, सगळे हातच आहेत." मग ती मला दारापाशी घेऊन गेली आणि पायरी दाखवली. "सकाळी हे होतं. बाबा म्हणतात मी बादली ठेवली असेल. मी ठेवली नाही."

सिमेंटच्या पायरीवर मिठाचे गोल डाग वाळले होते. मोठ्यापासून बारीक होत गेलेले, ओळीनं. आठ ओळी.

मी डेलला फोटो दाखवला.

"हा सातवा खांब नाताळच्या वादळात पडला," तो म्हणाला. "म्हणजे या गेल्या नाताळला. हा फोटो खालून कुणी काढला?"

"ते सोडा. दोरी आहे?"

पाणी इतकं ओसरलं होतं की धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाता आलं. चिखलात बूट पोटरीपर्यंत जात होते. वर हळूहळू माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "डेल आता चिखलातून काढून आणणार बघा, जिथं पुरली तिथून." डेल थांबला. मी त्याचा दंड धरला आणि ओढतच पुढं नेला. माझ्याकडे वाया घालवायला वेळ नव्हता, पाणी वीस मिनिटांत फिरणार होतं.

सातवा खांब. खाली बीळ. तोंडाशी खेकड्यांची कवचं.

"ऑक्टोपसचं घर," डेल म्हणाला. "हात घालू नका."

मी घातला. खांद्यापर्यंत. गार पाणी, गाळ, मग काहीतरी टणक आणि गोल. मी खिशातून माझी लोखंडी काडी काढली, एकोणीस वर्षं वापरलेली, आणि आत नेऊन टिचकी मारली.

खणखणीत वाजलं. वर धक्क्यावरची माणसं कडेशी येऊन वाकली.

दोरी बांधून दोघांनी ओढली तेव्हा घंटा बाहेर आली, आणि घंटेबरोबर तिचा लोखंडी आकडाही. घंटा चोरीला गेलीच नव्हती. आकड्याचे खिळे गंजून तुटले होते, तुटलेली टोकं अजून आत होती. कुठल्यातरी वादळात ती सुटून पाण्यात पडली होती, बस्स. बंदराच्या मंडळावरचा एक म्हातारा खाली उतरून आला, ती गंजकी टोकं त्यानं अंगठ्यानं दोनदा चाचपली. मग टोपी काढली.

"डेल," तो म्हणाला, "मीच पहिल्यांदा तुझं नाव घेतलं होतं."

डेलनं मान हलवली. कार्लीन वरून ओरडत होती, "सांगितलं होतं! सगळ्यांना सांगितलं होतं!" आणि मी, जी कारखाना बंद पडला तेव्हाही रडले नव्हते, चिखलात उभी राहून ढसाढसा रडले.

दोन गोष्टी मी कुणाला बोलले नाही. घंटा टांगलेली होती ती जागा त्या बिळापासून चाळीस पावलं लांब होती, आणि घंटा दोन माणसांना जेमतेम उचलत होती. आणि तिच्यावर शिंपल्यांचं खरखरीत पूट चढलं होतं, पण पुटातून पितळेचे स्वच्छ गोल चमकत होते. मोठ्यापासून बारीक होत गेलेले, ओळीनं.

घंटा परत टांगायला नवा आकडा हवा होता, म्हणून त्या दिवशी ती डेलच्या घरी नेली. मी आणि डेलनं मिळून ती खाली ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही ती बरोबर दारात ठेवली आहे.

शुक्रवारी मी चाळीस डाव टाकले. उजवीकडची वाट नाही. मोती चार जागांपैकी एका जागी, दर वेळी. बाराव्या खोलीत तेवीस जागा. हावी मागं उभा राहून नखं खात होता.

"काय होतं ते?" त्यानं विचारलं.

"पुन्हा घडत नाही," मी म्हणाले आणि सही केली. तो इतका हसला की भात परत सांडला.

त्यानंतर दोन महिने मी वेगळीच बाई होते. जांभळं पत्र बंद केलं. प्रत्येक मुलाला हातानं खरं उत्तर लिहायला लागले, की मांजर शोधायला शेजाऱ्यांना विचार, दात परत येणार नाही पण नवा येतोय. ऑगस्टमध्ये खेळ दुकानांत आला. पहिल्याच आठवड्यात हजारो मुलांच्या घरी गेला. आमच्यापैकी प्रत्येकाला खेळाचं एक खोकं मिळालं. शनिवारी सकाळी, सुट्टीचा दिवस, बाहेर लख्ख ऊन, मी घरच्या कॉम्प्युटरवर ती डिस्क टाकली. यादी न घेता, नुसतं खेळायला.

बाराव्या खोलीत माउस उजवीकडे गेला आणि बाणाचा हात झाला.

मी कॉफी खाली ठेवली. क्लिक केलं.

मळकं पाणी. पण हे समुद्राचं नव्हतं, शेवाळ नव्हतं, तळाशी पानं कुजलेली. पाण्यातून लाकडी पायऱ्या वर जात होत्या. पाच. वरच्या टोकाला घराचं बंद दार. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक मोठा रबरी बूट उभा होता, काठोकाठ पाण्यानं भरलेला.

"मी कुठलीही केस अर्धी सोडत नाही!" मिस थिंबल म्हणाली. दिसत कुठंच नव्हती.

मी बुटावर क्लिक केलं. बूट दुसऱ्या पायरीवर आला.

मी माउसवरून हात काढला.

पत्रं आता माझ्या घरीच असायची. कोल्बी डनचं पत्र काढायला मला एक मिनिटही लागलं नाही. पाच पायऱ्या. मागं खेळाचं नोंदणी-कार्ड, त्यावर फोन नंबर. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, ही केस मी बंद करणार. केस माझ्या शिक्क्यानं घेतली आहे, बंद करायचा अधिकारही माझाच.

तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"डन यांचं घर."

"कोल्बी? आई कुठं आहे?"

"मागं कपडे वाळत घालतेय. तुम्ही कोण?"

"मी मिस थिंबलच्या ऑफिसातून बोलतेय. तुझ्या आजोबांबद्दल—"

"सापडले?"

"नाही, राजा. ऐक माझं. ती केस आम्ही बंद केली. आजोबा परत येणार नाहीत. ते पत्र मी पाठवलं होतं, आणि मी चुकले. मला फार वाईट वाटतंय."



"पण ती तर अर्धी सोडत नाही," तो म्हणाला. "आणि सकाळपासून पायऱ्या ओल्या होताहेत. पाऊस नाही, काही नाही. मी एक पुसतो, की तिच्या वरची ओली होते."

मी पडद्याकडे पाहिलं. बूट तिसऱ्या पायरीवर होता. माझा हात फोनवर होता, दुसरा टेबलावर. त्या शनिवारी सकाळी किती घरांत किती मुलं क्लिक करत बसली होती, कुणास ठाऊक.

"कोल्बी, किती पायऱ्या ओल्या आहेत?"

"मघाशी तीन. थांबा हं, बघून येतो."

"नको! दार उघडू नकोस! आईला बोलाव!"

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मी ओरडत राहिले. अनवाणी पावलं लांब गेली.

पडद्यावर बूट चौथ्या पायरीवर आला. त्याच्या शेजारी आता दुसराही होता.

वरचं बंद दार आतून उघडायला लागलं.